फक्त सांगणारं यंत्र

कापूस वेचताना हात पऱ्हाटीत गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं. कमरेला ओटी बांधून सातआठ जणी एका ओळीने पाथ धरून निघालो की सासर, माहेर, लग्नं, भाव, आजारपणं असं सगळं बोलून होतं. आणि मग कोणीतरी म्हणतेच, "असं एखांदं मशीन पाह्यजे होतं वं."

या मागण्या मी मन लावून ऐकते. एकीला कापसातली ओल घरीच सांगणारं मीटर हवं आहे. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, पुढे टक्क्याटक्क्याला कपात, आणि 12 च्या वर गेली तर कापूस घेतच नाहीत. हा आकडा दाखवणारं यंत्र मात्र कायम घेणाऱ्याच्या हातात. विकणाऱ्याला आपल्या कापसाची ओल कळते ती गाडीचं भाडं भरून हिंगणघाटला पोचल्यावर. दुसरीला हवी आहे मोटर चालू झाली की बंद पडली हे घरात सांगणारी घंटा. शेतीची लाइन रात्रीची असली की तिचा नवरा अंधारात ओलिताला जातो, आणि तो परत येईपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तिसरीची म्हातारी आई दुसऱ्या गावी एकटी राहते. तिच्यासाठी असा फोन, की उचलला की थेट लेकीला लागला पाहिजे आणि बाकी त्यात काहीच नको.

या सगळ्या मागण्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. प्रत्येकीला एकाच कामाचं यंत्र हवं आहे. ते काम ज्याने घेतलं त्याच्यासाठी व्हावं, आणि पैसे दिले की वस्तू आपली व्हावी. कोणी मोठं काही मागत नाही. तरीही अशी वस्तू बाजारात शोधायला गेलं की मिळत नाही. मिळते ती दहा कामं करणारी, आणि त्यातलं अकरावं काम आपल्यावर लक्ष ठेवण्याचं असतं.

आमच्या घरचंच सांगते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. मुलाने त्यांना चांगला टचचा फोन घेऊन दिला. रात्री कोठ्यात गाय हंबरली की ते उठतात आणि बॅटरी लावायला फोन हातात घेतात. पडदा उजळतो, आणि बॅटरीच्या खुणेच्या आधी त्यावर एक जाहिरात पसरते. कधी पत्त्यांचा डाव, कधी पाच मिनिटांत कर्ज. ती घालवायची फुली वरच्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढी. मामाजींचा अंगठा विळा-पास धरून जाड झालेला आहे, नखाशी कातडी फाटलेली आहे. तो अंगठा फुलीवर बसतच नाही, शेजारी बसतो, आणि कर्जाचं पान उघडतं. त्यावर कोणी बाई हसत असते. मामाजी फोन माझ्यापुढे धरून विचारतात, "सूनबाई, हे कोन होय? मले कावून बोलावून राह्यली?"

मला या प्रश्नाचा राग येतो, मामाजींचा नाही. तो फोन कोणी फुकट दिलेला नव्हता. तूर विकून, दुकानात रोख मोजून घेतलेला होता. विळा विकणाऱ्याने विळ्यावर रोज सकाळी नवीन जाहिरात चिकटवली असती आणि आपण कोणत्या वावरात किती कापलं हे लिहून घेतलं असतं, तर त्याला गावात कोणी उभं केलं नसतं. फोनच्या बाबतीत मात्र आपण ते मुकाट्याने चालवून घेतो, कारण दुसरा मिळत नाही.

जाहिरातीशी माझं वैर नाही. आमच्याकडे मिरगाच्या आधी एसटी स्टँडची भिंत, रस्त्याकडेच्या विहिरींची मोटरघरं, चहाच्या टपरीचे फळे असं सगळं कपाशीच्या बियाण्याच्या जाहिरातींनी रंगून जातं. लाऊडस्पीकर लावलेली गाडी खताचं नाव ओरडत गावातून फिरते. पेपर उघडला की पहिलं पान अख्खं जाहिरातीचं असतं. यातल्या कशाचाच मला जाच होत नाही. भिंत वाचणाऱ्याकडे पाहत नाही. मी त्या बियाण्यापुढे किती वेळ थांबले, माझ्याकडे किती एकर आहे, मागच्या वर्षी माझ्यावर कर्ज होतं का, हे ती कोणाला कळवत नाही. नको वाटलं तर मान वळवून पुढे जाता येतं. आपण विकत घेतलेल्या, आपल्या उशाशी ठेवलेल्या वस्तूने असं करणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि हे फक्त फोनचं नाही. अमेरिकेत 2017 साली विझिओ नावाच्या टीव्ही कंपनीला 22 लाख डॉलर भरावे लागले. तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप असा होता की कंपनीच्या 1 कोटी 10 लाख टीव्हींनी पडद्यावर काय चाललं आहे ते क्षणाक्षणाला टिपलं, घरच्या माणसांना नीट न विचारता, आणि ती माहिती पुढे विकली गेली. टीव्ही पाहणाऱ्याकडे टीव्ही पाहत होता. आपल्याकडेही आता तालुक्याच्या दुकानात साधा टीव्ही मागितला तर दुकानदार म्हणतो, साधा येतच नाही आता, स्मार्टच आहे. आमच्या गावात अजून बऱ्याच घरांवर फ्री डिशची छत्री आहे. तिच्यावरच्या चॅनलवर जाहिराती ढीगभर असतात. पण ती छत्री आभाळातून येतं ते फक्त घेते, परत काही पाठवत नाही. उपग्रहाला आमचं गाव माहीत नाही. मला तेवढं पुरे आहे.

या सगळ्याचा विचार करताना मी पुन्हा पुन्हा मामाजींच्या ट्रान्झिस्टरकडे येते. तो आमच्या लग्नाच्याही आधीचा. तपकिरी कातडी कव्हर, त्याला समोरून बारीक भोकं, मागचं झाकण कधीच हरवलेलं, सेल पडू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा. एरियल मोडल्यावर तिथे तांब्याची तार गुंडाळलेली. त्यावर ते नागपूर आकाशवाणी लावतात. बातम्या, बाजारभाव, हवामान. पण पावसाळ्यात त्या रेडिओचा त्यांना आणखी एक उपयोग असतो आणि तो मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच खरिपात कळला.

आम्ही तुरीत निंदत होतो. आभाळ एका बाजूनेच भरलेलं, आमच्या डोक्यावर ऊन. मामाजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले होते, शेजारी रेडिओ. मीडियम वेव्हवर गाणं चाललेलं आणि त्यात मधेच खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. आम्हाला वाटलं, सेल उतरले. मामाजी उठून उभे राहिले आणि ओरडले, "चला वं पोरीहो, निघा वावरातून. खरखर जवळ येऊन राह्यली." गडगडाट अजून ऐकूही येत नव्हता. आम्ही गावाच्या वाटेला लागलो आणि शाळेच्या व्हरांड्यात पोचेपर्यंत पलीकडच्या शिवारावर विजा पडायला लागल्या.

यात जादू काही नाही. वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओच्या लहरीही निघतात, आणि मीडियम वेव्हच्या रेडिओला त्या कडकड, खरखर अशा ऐकू येतात. दूरची वीजसुद्धा. आवाज येतो साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर या वेगाने, आणि दहाबारा किलोमीटरच्या पलीकडचा गडगडाट सहसा पोचतच नाही. रेडिओची लहर मात्र प्रकाशाच्या वेगाने येते. म्हणून मामाजींना आमच्या आधी कळतं. एफएमवर ही खरखर येत नाही, म्हणून नव्या मोबाईलमधल्या रेडिओवर हे काम होत नाही.

आमच्या भागात हा विषय हौसेचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत 2022 साली देशात वीज पडून 2,887 माणसं गेल्याची नोंद आहे. विदर्भात जून-जुलैत आणि पुन्हा सप्टेंबरच्या परतीच्या पावसात पेपरच्या आतल्या पानावर अशी एक बातमी असतेच: निंदायला गेलेल्या मजूर महिला, झाडाखाली आडोशाला थांबलेल्या. नावं छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी विसरली जातात. मी ती विसरत नाही, कारण त्या झाडाखाली मीही थांबलेली आहे. उभ्या वावरात पाऊस आला की दुसरा आडोसा असतोच कुठे?

यावर उपाय म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेलं 'दामिनी' हे अ‍ॅप आहे. काम चांगलं आहे, मी ते सगळ्यांना सांगते. देशभर विजा टिपणारी यंत्रं बसवलेली आहेत आणि तुमच्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर फोनवर इशारा येतो. पण ज्या बाईला हा इशारा लागतो तिच्या अंगावर त्या वेळी फोन असतो का, हे कोणी पाहिलं आहे का? घरातला टचचा फोन एक, तो नवऱ्याकडे, नवरा बाजारात. दुसरा असला तर पोराच्या हातात. बाईकडे असलाच तर बटनाचा, तो शिदोरीच्या पिशवीत, पिशवी धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेली. चिखलात निंदायला बसताना कोणी हजारोंचा फोन कमरेला खोवत नाही. मग तो इशारा पोचतो तालुक्याला चहा पीत बसलेल्या माणसाला.

म्हणून मला हवी आहे एक डबी. धुऱ्यावर खुंटीला टांगता येईल अशी. वीज जवळ आली की तिने मोठ्याने वाजावं. बस. तिला माझं नाव नको, नंबर नको, सिम नको, माझं वावर कुठे आहे हेही कळायला नको.

हे स्वप्नरंजन नाही, कारण अशी वस्तू बनवायला लागणारं सगळं जगात आधीच आहे. ए एस 3935 नावाची एक चिप मिळते, करंगळीच्या नखापेक्षा लहान. ती साधारण 500 किलोहर्ट्झला कान लावून बसते आणि 40 किलोमीटरपर्यंतची वीज ओळखून वादळाची कड किती लांब आहे याचा अंदाज सांगते. आपली मीडियम वेव्ह सुरू होते 531 ला. म्हणजे ती चिप जवळजवळ तिथेच ऐकते जिथे मामाजींचा ट्रान्झिस्टर ऐकतो. तिला इंटरनेट लागत नाही. आभाळाकडूनच थेट ऐकते, मधे कोणाचा सर्व्हर नाही. तिच्यात उणेपण आहेच. जवळ मोटर चालू झाली, कुठे ठिणगी उडाली, तर ती फसते, वीज नसताना वीज म्हणते. ते निस्तरायला डोकं लावावं लागेल. पण ते डोकं लावण्याजोगं काम आहे.

अमेरिकेत हेच वेगळ्या तऱ्हेने केलेलं आहे आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. तिथल्या हवामान खात्याचा स्वतःचा रेडिओ आहे. देशभर हजारावर ट्रान्समीटर, 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झच्या दरम्यान सात ठरलेल्या जागा. लोक त्यासाठी एक छोटा रेडिओ घरात ठेवतात. तो एरवी गप्प असतो. वादळाचा इशारा निघाला की खात्याकडून 1050 हर्ट्झचा एक सूर सुटतो आणि तो ऐकला की रेडिओ आपणहून जागा होऊन ओरडतो. आपल्या जिल्ह्याचा आकडा घरच्या माणसाने स्वतः त्यात भरून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्याच्या इशाऱ्याने झोपमोड होत नाही. मला यातलं सर्वात आवडलेलं हेच आहे. तुम्ही कुठे राहता हे तुमचा रेडिओ जाणतो, पण पाठवणाऱ्याला ते कळत नाही. निवड घरात होते.

आपल्याकडेही असं अगदीच काही नाही असं नाही. 2023 मध्ये एकाच वेळी सगळ्यांचे फोन कर्कश वाजले होते ते आठवत असेल. पुष्कळ लोक घाबरले. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम हाक मारतो. त्याला नंबर माहीत असावे लागत नाहीत, कोणी ऐकलं याची यादी होत नाही. गावात दवंडी द्यायचे तसंच आहे. आणि आकाशवाणीने गेल्या दशकात तीसच्या वर मीडियम वेव्ह ट्रान्समीटर डीआरएम या डिजिटल पद्धतीचे केले. त्या पद्धतीत संकटाच्या वेळी गप्प बसलेला रेडिओ जागा करायची सोय मुळातच ठेवलेली आहे. पाठवणारं यंत्र उभं झालं, ऐकणारा रेडिओ मात्र दुकानात मिळत नाही. मी वर्ध्याला विचारून पाहिलं, नागपूरला सीताबर्डीवर विचारून पाहिलं. दुकानदारांनी नावच ऐकलेलं नव्हतं.

इथे कोणी म्हणेल, तुम्हाला माहिती देण्याचाच राग आहे. तसं नाही. ई-पीक पाहणीत आम्ही 2021 पासून वावरात उभं राहून फोटो काढतो, ठिकाण नोंदवलं जातं. ते मला पटतं, कारण पेरा आमच्याच सातबाऱ्यावर चढतो आणि नुकसान झालं तर कामी येतो. ताडोबाच्या आसपास काही गावांत वनखात्याने वाघाची चाहूल लागताच इशारा देणारे कॅमेरे लावले आहेत. तिथे नजर वाघावर आहे आणि इशारा माणसाला. असं असेल तर लाव बाप्पा कॅमेरा. माहिती ज्याची तिचा उपयोग त्याला, एवढंच मी मागते.

उलट माझी तक्रार अशी आहे की जी माहिती आम्हाला हवी ती कोणी मोजतच नाही. अतिवृष्टी ठरते 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर, आणि तो पाऊस मोजला जातो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. मंडळात गावं कितीतरी. आमच्याकडचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं असं जुने लोक सांगतात. वावरातली माती वाहून गेलेली डोळ्यांनी दिसते आणि मंडळाच्या कागदावर पाऊस कमी असतो. तेव्हा आमच्या धुऱ्यावरचा पाऊस मोजून तारखेसकट जपून ठेवणारं, कोणाला खोडता न येणारं एक नळकांडं पाहिजे. मीच खोडू शकले नाही पाहिजे, म्हणजे अधिकारीही मानतील. पण ती नोंद माझ्या घरात राहिली पाहिजे. मी दाखवीन त्याला दिसेल.

साधी, इमानी यंत्रं बनतच नाहीत असंही नाही. आमच्या शिवारात झटका मशीन आहे. सोलरची पाटी, एक बॅटरी, एक डबा, आणि तारेतून टक् टक् जाणारा झटका. रानडुक्कर तारेला लागलं की दचकून मागे फिरतं, मरत नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप रात्रीत हरभरा साफ करतो त्या भागात या डब्याची किंमत काय आहे हे शहरात बसून कळणार नाही. त्याच्याबरोबर भोंगा. मेमरी कार्डावर माणसाच्या हाकाट्या, कुत्र्याचं भुंकणं, फटाके भरून ठेवलेले, रात्रभर थोड्या थोड्या वेळाने वाजतात. हे दोन्ही डबे अकोल्याचा किंवा अमरावतीचा एखादा छोटा कारखानदार बनवतो. बिघडले तर गावातलाच पोरगा उघडून नीट करतो. त्यांना लॉगिन नाही.

मोबाईल स्टार्टरची गोष्ट याहून मोठी आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' काढलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. स्टार्टरला सिमचं यंत्र जोडायचं, घरून फोन लावायचा, लाइन आहे का ते कळतं आणि मोटर चालू करता येते. बटनाचा फोन पुरतो. अशी यंत्रं पुढे अनेकांनी बनवली आणि ती विदर्भात गावोगाव गेली. रात्रीच्या ओलिताला जाताना साप चावलेली, उघड्या तारेला चिकटलेली माणसं आमच्या ओळखीत आहेत. त्यांच्या घरच्यांना विचारा हा डबा काय आहे ते. आता मात्र बाजारात नव्याने आलेले कित्येक स्टार्टर अ‍ॅपवर चालतात. आमच्या शेजाऱ्यांनी तसा एक घेतला. वर्षभर उत्तम चालला. मग एका रात्री लाइन आली, विहिरीत पाणी, मोटर चांगली, पण अ‍ॅप म्हणालं की वार्षिक शुल्क भरा. कंपनीचा नंबर लागेना. शेवटी तो माणूस बॅटरी घेऊन वावरात गेलाच. विकलेली वस्तू विकणाऱ्याने अशी आपल्या मुठीत धरून ठेवणं मला अन्याय वाटतो, आणि त्यावर कायदा असला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. सर्व्हर बंद असो, शुल्क थकलेलं असो, स्टार्टरने मोटर चालू केली पाहिजे.

मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे यंत्राचा विचार निघाला की सेवाग्रामकडे लक्ष जातंच. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्या काळातले एक लाख. मला बक्षिसापेक्षा त्याच्या अटी महत्त्वाच्या वाटतात. यंत्र हलकं असावं, उचलून नेता यावं, झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावं. बाईला ते फार न थकता सलग आठ तास चालवता आलं पाहिजे. किंमत 150 रुपयांच्या वर नको. नीट निगा राखली तर 20 वर्षं टिकावं, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत भागावी. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे मांडलेले आहेत, ते बघताना या अटी मनात ठेवून बघावेत. त्या अटी पूर्ण करणारा चरखा कोणी देऊ शकलं नाही आणि बक्षीस तसंच राहिलं. तरीही मला ती जाहीर मागणी फार थोर वाटते. वापरणारी बाई डोळ्यापुढे ठेवून, तिचा थकवा, तिची ऐपत, तिच्याकडे वीस वर्षांनी काय उरेल याचा हिशेब मांडून मग यंत्र मागितलेलं आहे. आज कुठल्या फोनच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की हा किती वर्षं टिकेल आणि दुरुस्तीला वर्षाला किती लागेल?

मग असं कोणी बनवत का नाही? पैशाचं गणित आहे. अमेरिकेत 2011 साली अ‍ॅमेझॉनने किंडल हे पुस्तकं वाचायचं यंत्र दोन किमतींना विकलं. जाहिराती नसलेलं 139 डॉलरला, जाहिराती असलेलं 114 ला. निदान तिथे जाहिरातीची किंमत छापील होती, 25 डॉलर, आणि घेणाऱ्याला विचारलेलं होतं. आम्हाला कोणी विचारत नाही. आम्ही पूर्ण पैसे देतो असं आम्हाला वाटतं आणि उरलेले आमच्याकडून वर्षानुवर्षं वसूल होत राहतात. कंपन्या समजतात की खेड्यातला गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी काहीही सोसतो. हे खोटं आहे. झटका मशीन काही स्वस्त नसतं. कास्तकार ते रोखीने घेतो, कारण ते सांगितलेलं काम करतं. आमच्या बचत गटात मी विचारलं, जाहिरात नसलेला फोन पाचशे रुपये जास्त देऊन घ्याल का? त्यातल्या बहुतेक जणी हो म्हणाल्या. एकीने तर विचारलं, "भेटते कोठी?"

माझा मुलगा डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि यंदा त्याला प्रोजेक्ट करायचा आहे. विजेच्या डबीचं मी त्याच्या मागे लागले आहे. त्याने ती चिप मागवली. पहिल्यांदा तो म्हणाला, आई, याला अ‍ॅप जोडू, मॅपवर विजा दिसतील, मार्क चांगले मिळतील. मी नाही म्हटलं. मग जेवताना आम्ही दोघांनी अटी काढल्या आणि त्याने त्या वहीत लिहिल्या. सेल बाजारात मिळणारे, साधे, घरी बदलता येणारे, आणि एका जोडीवर अख्खा पावसाळा निघाला पाहिजे. आवाज दोन एकरांच्या त्या टोकाला, वाऱ्यात, डोक्यावर प्लास्टिकचं खोळ घेतलेल्या बाईला ऐकू गेला पाहिजे. तीन दिवे: लांब आहे, जवळ येते आहे, निघा. अक्षर ओळखण्याची गरज नको. खोक्याला चार साधे स्क्रू, आणि आतल्या जोडणीचा नकाशा झाकणाच्या आतून चिकटवलेला, म्हणजे दुसऱ्या कोणालाही दुरुस्त करता येईल आणि वाटलं तर नवीनही बनवता येईल. किंमत त्याने दीड हजार धरली, मी हजार म्हणते, त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

मामाजी तोपर्यंत गप्प जेवत होते. हात धुवून आले आणि म्हणाले, डबीला एक बटन पाहिजे. दाबलं की ती वाजलीच पाहिजे. सकाळी वावरात गेल्यावर टांगताना दाबून पाहायचं. नाही वाजली तर त्या दिवशी तिच्या भरवशावर राहायचं नाही, आभाळाकडे लक्ष ठेवायचं. मुलाने ही अट सगळ्यात वर लिहिली.